सात हाली रुपये

कुणी मोगलाईतल्या जुन्या नाण्यांचं कौतुक करू लागलं की माझं डोकं फिरतं. मी आजवर कितीतरी जणांना चारचौघांत गप्प केलंय. म्हातारी खवट आहे म्हणतात. म्हणोत.

आम्ही अकोल्याचे. आप्पा भिक्षुकी करायचे. ताईला हिंगोलीकडे दिली होती, म्हणजे निजामाच्या मुलखात, मोगलाईत. आमचा रुपया कलदार, त्यांचा हाली. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर माणसं तीच, ज्वारी तीच, रुपयात चांदीही होतीच. पण एकावर चारमिनार आणि दुसऱ्यावर साहेबाच्या राजाचं डोकं, म्हणून तो इथे चालायचा नाही आणि हा तिथे मोडून घ्यावा लागायचा.

ताई बाळंत झाली आणि दहाव्या दिवशी तापाने फणफणली. निरोप आला तसे आप्पा मला घेऊन निघाले. हिंगोलीला उतरल्याबरोबर त्यांनी काय केलं, तर सराफाकडे जाऊन जवळचे सगळे कलदार मोडले. सहा दिले, सात आले. एक रुपया फुकट मिळाला म्हणून माणूस खूश! जाताना पुन्हा बदलून घेऊ, म्हणाले.

ताईला पाहिलं आणि आप्पांचा चेहरा उतरला. तिला अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंकडेच न्यायला हवं होतं. पहाटे अंधारात बैलगाडी जुंपली. सराफाचं दुकान बंद होतं, आणि रुपये बदलून घ्यायचे राहिलेत हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. नाण्यांची अदलाबदल करणारा एक जण पैनगंगेवरच्या हद्दीच्या नाक्यावर बसायचा, तो नेमका लग्नाला गेलेला. अकोल्याची मोटार मात्र तिथे उभी होती, दिवसातली एकच.

आप्पांनी हाली रुपये पुढे केले. ड्रायव्हरने हात मागे घेतला.

"हे नाई चालत, महाराज. मालक मलेच हाकलून देईन. कलदार असन त बसा."

आप्पांनी विनवण्या केल्या. अकोल्याला पोचल्यावर देतो म्हणाले. तो ऐकेना. ताई गाडीत पडून सगळं ऐकत होती. तिने कमरेची पिशवी सोडली आणि पाच कलदार काढले. सासरी जाताना आईने तिच्या ओटीत घातलेले, तिने कधी न मोडलेले.

"आप्पा, हे घ्या."

"लेकीचा पैसा मी घेत नाही."

"माझा नाही, आईचाच आहे."

"ओटीत घातला तेव्हाच तो तुझा झाला. ठेव."

ड्रायव्हरसुद्धा चक्रावला. "काहून नाई घेत, महाराज? पोरगी तापानं भाजून राहिली न!"

आप्पांनी मान फिरवली. मोटार धुरळा उडवत गेली. मी बाळ मांडीवर घेऊन बसले होते. उठून तिच्या हातातले रुपये हिसकावून त्या ड्रायव्हरला का दिले नाहीत, याचा राग मला आप्पांवरच्या रागाहून जास्त येतो. बारा वर्षांची होते, काही कुक्कुलं बाळ नव्हते.

नाक्यावरचा तो माणूस संध्याकाळी आला. त्याने सातही हाली मोजून घेतले आणि बदलीचा बट्टा कापून कलदार दिले. दुसऱ्या दिवशीच्या मोटारीने अकोला गाठलं. डॉक्टरीणबाई ताईला तपासून आप्पांवर कडाडल्या, "काल का नाही आणलं?"

ताई चौथ्या दिवशी गेली. तिचं बाळ आम्हीच वाढवलं.

ती गेली त्या दिवशी घरात रोकड नव्हती, बदललेले रुपये मोटारीत आणि औषधात गेले होते. आप्पांनी ताईची पिशवी उघडली, पाच कलदार मुठीत घेतले आणि सरणाची लाकडं आणायला गेले. वखारवाल्याने रुपये दगडावर वाजवून पाहिले आणि मुकाट्याने गल्ल्यात टाकले.