दुष्काळातली व्हर्मुथ
तापलेल्या लोण्यात व्हर्मुथ ओतली की काढ्यासारखा कडसर वास उठतो आणि मला गारखेड्यातलं आमचं जुनं घर आठवतं. भोवती नव्या इमारती उठत होत्या, पण दुष्काळामुळं नळाला आठवड्यातून एकदाच पाणी यायचं. ते आलं की सासूबाई घरातली प्रत्येक बाटली भरून ठेवायच्या. मला तेव्हा एका नव्या हॉटेलात नोकरीसाठी पदार्थ करून दाखवायचा होता आणि मशरूम व्हर्मुथमध्येच शिजवायचे, हे मी पक्कं केलं होतं. पण ही जडीबुटी घातलेली वाइन सासूबाई स्वयंपाकघरात येऊ देईनात, म्हणून गच्चीवर स्टोव्ह मांडून मी सराव करायचे. बाटलीही तिथंच कोपऱ्यात असायची. जायच्या दिवशी सकाळी ती उचलली तर आत स्वच्छ पाणी. दुसरी आणायला वेळ नव्हता, तरी जायचंच म्हणून मी व्हर्मुथऐवजी मनुका आणि व्हिनेगर पिशवीत भरायला लागले. सासूबाई दारात आल्या. “ती दारू शोधतेस का? पहाटे पाणी आलं, बाटली लागली मला.” “ओतून दिलीत, आई?” त्यांनी जिन्यातून झाकण लावलेला स्टीलचा डबा आणून पुढं केला. “असल्या दिवसात ओतून कोण देतं? वास तर आपल्या द्राक्षासवासारखाच आहे. डबा मात्र परत घरात आणू नको.” नोकरी मिळाली. आता माझं स्वतःचं हॉटेल आहे, आणि व्हर्मुथची बाटली संपली की मी ती धुऊन, पाण्यानं काठोकाठ भरून ठेवते.