तिचा पिवळा कॅमेरा

डाळिंबाच्या बागा फिरायच्या, रोगाचे फोटो काढायचे आणि अहवाल द्यायचा, हे माझं काम. जळोची आणि बारामतीकडच्या बागा माझ्याकडे. निमगाव केतकी, अंथुर्णे आमच्याच कचेरीतल्या दुसऱ्या मुलीकडे. ती माझ्याहून सात वर्षांनी लहान, नोकरीलाही माझ्यामागून लागलेली. पण बैठकीत साहेब पडद्यावर दाखवायचे ते फोटो तिचेच. फळावरचा तेल्या रोगाचा डाग, डागातली चीर, सगळं लख्ख. माझे फोटो त्यापुढे धुक्यात काढल्यासारखे.

माझा फोन उन्हात तापून बंद पडायचा. फवारणीत बोटं ओली झाली की दादच द्यायचा नाही. तिच्याकडे साबणाच्या वडीएवढा पिवळा कॅमेरा होता. तो शेततळ्यात पडून झाला होता, गाईच्या पायाखाली जाऊन झाला होता. ती तो सरळ नळाखाली धुवायची. ते बघितलं की माझा जीव जळायचा.

“कुठनं घेतलास गं?” मी एकदा विचारलं.

“मिळाला असाच.”

ते दोन शब्द मी महिनाभर चघळत होते.

मग बारामतीत, पगारात बसेल असा एक नवा कॅमेरा घेतला. तीन आठवड्यांत त्यात धूळ गेली आणि भिंग किर्र करून अर्ध्यातच अडकलं. दुकानदारानं तो उलटासुलटा करून पाहिला. “ताई, ह्यो वाढदिवसाचा कॅमेरा हाय, बागंतला न्हाय. ज्याचं भिंग भाईर येतच न्हाय असला बघा. पण तसला नवा परवडायचा न्हाय. कुणाकडं जुना मिळाला तर नशीब.”

नशीब तिचं होतं.

त्यानंतर अंथुर्ण्याच्या एका मोठ्या बागेत आम्हा दोघींना एकत्र पाठवलं. फळं तपासायला दोन्ही हात हवेत म्हणून तिनं कॅमेरा उभ्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवला आणि ती झाडात शिरली. थोड्या वेळानं मालक आले आणि ट्रॅक्टरवर चढले. कॅमेरा त्यांच्या पाठीमागे होता. मला तो स्वच्छ दिसत होता. “आबा, थांबा,” एवढंच म्हणायचं होतं. मी ते म्हटलं नाही.

ट्रॅक्टर हलला, कॅमेरा चिखलात पडला आणि मागच्या फवारणी यंत्राचं चाक त्याच्यावरून गेलं.

आवाज ऐकून ती धावत आली. बोटांनी उकरून तिनं कॅमेरा काढला, ठिबकच्या नळीखाली धरला, बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. पडद्यावर एक आडवा तडा गेला होता, बस्स.

“याला काय होतंय!” म्हणून ती हसली. मीही हसले. पण आत माझी घोर निराशा झाली होती, आणि ती ओळखून मलाच माझी भीती वाटली.

परतताना मी तिच्या स्कूटीवर मागे बसले होते. दोन-तीन किलोमीटर मागे पडले. मग म्हटलं, “मला दिसत होता तो मडगार्डवर.”

“व्हय,” ती पुढं बघतच म्हणाली. “तुमी बघत होता, ते मला झाडातनं दिसलं.”

मला स्कूटीवरून उतरावंसं वाटलं.

“ताई, मी तरी कुठं चांगली हाय?” ती म्हणाली. “इंदापुरात एक रिटायर साहेब हायेत. कालव्याच्या दारांची पाहणी करायला त्यांच्याकडं असले दोन कॅमेरे होते. एक मला दिला. दुसऱ्याला गिऱ्हाईक बघ म्हणाले. मी तुमाला सांगितलंच न्हाय. तुमाला मिळाला असता तर माझे फोटो कोण बघणार?”

त्याच रविवारी ती मला इंदापूरला घेऊन गेली. दुसरा कॅमेरा अजून कपाटात होता. निळा, कोपरे झिजलेला, फ्लॅश गेलेला. साहेबांनी तो बादलीत बुडवून दाखवला आणि जुन्या फोनच्या भावात दिला.

तेव्हापासून तो रोज माझ्याबरोबर बागेत असतो. दोनदा पडला, एकदा औषधाच्या पाण्यात बुडाला, तरी चालतो. आता माझ्याजवळ सबब उरली नाही. तिचे फोटो अजूनही माझ्यापेक्षा चांगले येतात. ती एका फळापुढे उकिडवी बसते आणि पानाची सावली सरकेपर्यंत हलत नाही. मी शेजारच्या ओळीतून ते बघते, आणि मला अजूनही जळायला होतं.