गोधडीचं दुसरं टोक

“न्हाई बोललं तरी चालंल, टाका घाल,” असं रंगुबाई नेहमी म्हणायची. पाथर्डीकडच्या तिच्या वस्तीवरची माणसं ऊसतोडीला गेली, की शिकणारी पोरं मागं एकटी उरत. कुणी मिटून बसलं, की रंगुबाई गोधडी घेऊन त्याच्या ओट्यावर जाई आणि दुसरं टोक त्याच्याकडं सरकवी. तिच्या स्वतःच्या घरी ते टोक धरायला कुणी उरलं नव्हतं.

यंदा वस्तीवरच्या दिपालीनं कॉलेज सोडलं, जेवणही सोडलं. दुपारमागून दुपार तिच्या ओट्यावर दोघी मुक्यानं शिवत राहिल्या. एक दिवस पोरीची सुई थांबली.

“मावशी, जगावंसंच वाटत न्हाई.”

“बरं झालं बोललीस,” म्हणत रंगुबाईनं तिच्या आईला फोन लावला आणि रात्रभर तिथंच राहिली. सकाळी आई उसाच्या फडावरून आली.

“हिला मनाच्या डॉक्टरकडं न्यायचं,” रंगुबाई म्हणाली.

“डॉक्टर कशाला, आक्का? येडी हाय का पोर?”

“येडी तू! ताप आल्यावर नेतीस ना? आज नगरला जा. पर आदी हितं बस.”

रंगुबाईनं आपलं टोक आईच्या हाती दिलं. मग ती रिकाम्या हातांनी, बांधाबांधानं, आपल्या कुलूप लावलेल्या घराकडं चालत गेली. सुई तशीच धरून दिपाली तिच्याकडं बघत राहिली.