आतोबांची नागोरची संध्याकाळ

घरापुढच्या ओट्यावरून न उतरता सगळा हिंदुस्थान फिरून आलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. तंजावरच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला, आणि निवृत्त झाल्यावर घराच्या तिण्णैवर, म्हणजे आमच्याकडच्या रस्त्यालगतच्या ओट्यावर, वेताच्या खुर्चीत बसून ते लोकांना प्रवासाला पाठवू लागले. काशीला निघालेली म्हातारी जोडपी, मद्रासला मुलाखतीला जाणारे तरुण, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आया, सगळे आधी त्यांच्याकडे येत. गाडी कोणती धरावी, खिडकी डावीकडची घ्यावी की उजवीकडची, कोणत्या स्टेशनावर कॉफी प्यावी आणि कोणत्या स्टेशनावर साधं पाणीसुद्धा पिऊ नये, हे ते डोळे मिटून सांगत. शेजारचे वकील त्यांच्या सांगण्याबरहुकूम रामेश्वराला जाऊन आले आणि म्हणाले, "पुलावर वारा कोणत्या बाजूनं लागेल ते यांनी सांगितलं होतं, आणि तसाच लागला." आतोबांनी नुसती मान हलवली. वाऱ्यानं आपलं ऐकलं यात त्यांना विशेष काही वाटलं नाही. स्वतः ते मात्र एकीकडे पापनाशम आणि दुसरीकडे ओरत्तनाडु या जवळच्याच गावांच्या पलीकडे गेल्याचं कोणाला आठवत नव्हतं. अपवाद एका तिरुवारूरचा, आणि ती हकिगत सांगण्यासारखी आहे.

पण त्याआधी त्यांच्या दुरुस्त्यांबद्दल सांगायला हवं. समोरच्याच्या तोंडून निघालेलं वाक्य जसंच्या तसं जाऊ देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पाहुण्यानं "कावेरी पूर्वेला वाहते" म्हटलं की ते "मधे मधे आग्नेयेला" असं जोडत. एकदा तिरुवैयारूला घाटावर बसलो असताना चंद्र उगवला. आत्या म्हणाली, "केवढा मोठा दिसतोय पाहा." आतोबा म्हणाले, "क्षितिजाजवळ असला म्हणजे तसा भास होतो. तेवढाच आहे." आत्यानं चंद्राकडे पाठ केली आणि डब्यातले भिजवलेले पोहे वाढायला घेतले. चाळीसएक वर्षांच्या संसारात तिनं असे कितीतरी चंद्र सोडून दिले असतील. ती भांडत नसे. ती आमच्या तंजावरकडच्या मराठीत "सरी" म्हणे. हा शब्द आम्ही तमिळातून घेतला, त्याचा अर्थ "बरं". पण आत्याच्या "सरी"चे अर्थ पुष्कळ होते, आणि ते ओळखण्यापुरता भूगोल आतोबांना येत नव्हता.

आत्याला आयुष्यात फारसं काही पाहायचं नव्हतं. काशीची तिला ओढ नव्हती, मद्रासची भीती वाटे. तिला पाहायचे होते नागोरचे दिवे. समुद्रकाठच्या त्या गावात दर्गा आहे, आणि वर्षातून एकदा उत्सवात त्याचे मिनार संध्याकाळी दिव्यांनी उजळतात. त्यांतला सगळ्यांत उंच मिनार आमच्या तंजावरच्या एका मराठा राजानं बांधून दिलेला. त्यामुळे आमच्याकडच्या बायका "आपल्या मिनारावर दिवे लागले" असं म्हणत, जणू सकाळी वाती यांनीच वळल्या होत्या. आत्याची आई लहानपणी कधीतरी नवस फेडायला जाऊन आली होती, आणि समुद्रावरून ते दिवे कसे दिसतात हे ती मरेपर्यंत सांगत असे. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी आत्यानं ही इच्छा नवऱ्याला सांगितली. आतोबा म्हणाले, "अगदी सोपं आहे. मी बेत आखतो."

तेव्हापासून दरवर्षी बेत आखला जात होता. तो उत्सव चंद्राच्या हिशेबानं येतो, म्हणून दरवर्षी थोडा अलीकडे सरकतो. कधी भर पावसात येतो, कधी कडक उन्हात. आतोबा आमचं पंचांग, दर्ग्याच्या उत्सवाची तिथी आणि रेल्वेचं वेळापत्रक यांचा मेळ घालत बसत. पाऊस असला की समुद्रावरून मिनार धूसर दिसतील. ऊन असलं की गाडीत जीव घाबरेल. पौर्णिमेच्या आसपास गेलं तर चांदण्यात दिव्यांचं तेज मारलं जाईल. सगळं जुळून आलं की घरात कोणीतरी आजारी पडे किंवा कोणाचं तरी लग्न निघे, आणि आतोबा शांतपणे म्हणत, "पुढच्या वर्षी याहून चांगला योग आहे." एकदाच ते खरोखर निघाले. आत्यानं दहीभात बांधून घेतला, दोघं तिरुवारूरला उतरली, तिथं गाडी बदलायची होती. पुढची गाडी आतोबांनी सांगितलेल्या फलाटावर न लागता पलीकडच्या फलाटावर लागली. पूल ओलांडला असता तर सहज मिळाली असती. पण आतोबा जागचे हलले नाहीत. "फलाट बदलायचा होता तर आधी कळवायला हवं होतं," असं ते हमालाला म्हणाले. गाडी गेली. आत्यानं बाकावर दहीभात सोडला, दोघांनी तो खाल्ला, आणि परतीच्या गाडीनं दोघं घरी आली. ती गाडी मात्र ठरल्या फलाटावर लागली, असं आतोबा आवर्जून सांगत.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी उत्सव पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुमाराला आला होता. हवा गार आणि कोरडी होती. मी तेव्हा सरकारी कचेरीत नोकरीला होतो आणि रविवारी आत्याकडे जेवायला जात असे. एका रविवारी तिनं मला भाताऐवजी पानात ताकच वाढलं, आणि वाढल्यावरही तिला ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. शस्त्रक्रिया करू म्हणाले. पण त्या काळी ती आजच्यासारखी नव्हती. डोळे बांधून हालचाल न करता पडून राहायचं, आणि पट्टी सुटल्यावर काय दिसेल ते देवावर. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आतोबा तिण्णैवर होते. दुरुस्त करण्यासारखं माझ्या वाक्यात काही नव्हतं.

आत्या आतून बाहेर आली आणि म्हणाली, "डोळे बांधण्याआधी मी नागोरला जाऊन येणार."

"बेत..." आतोबा म्हणाले.

"तुमचा बेत झाला तर सरी. नाही झाला तर याला घेऊन जाईन."

मग आतोबांनी जो बेत आखला, तो एखाद्या सेनापतीनं आखावा तसा होता. आदल्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना सामानासकट स्टेशनापर्यंत चालवत नेलं आणि परत आणलं. नागोरला त्यांचा एक जुना विद्यार्थी होता, दोरखंडाचा व्यापारी. त्याच्या घराची गच्ची हे त्यांच्या बेतातलं मर्म होतं. तो शाळेत असताना त्यांनी त्याच्याकडून घराचा नकाशा काढून घेतला होता. गच्चीच्या कोणत्या कोपऱ्यात उभं राहिलं म्हणजे सगळे मिनार एका ओळीत येतात, हे त्यांना तेव्हापासून ठाऊक होतं. गर्दी नाही, धक्काबुक्की नाही, आत्याला बसायला खुर्ची. प्रवासात आम्ही सावलीच्या बाजूला बसलो. तिरुवारूरला आतोबा फलाटाकडे न बघता आत्याचा हात धरून चालत राहिले. कोणत्या फलाटावरून गाडीत चढलो ते त्यांनी पाहिलं नसावं.

दिवे लागण्याच्या वेळेला आम्ही त्या घरी पोचलो. विद्यार्थी आता पोक्त गृहस्थ झाला होता. त्यानं वाकून नमस्कार केला, त्याच्या आईनं आत्याला पाणी दिलं, आणि आम्ही गच्चीवर गेलो. आतोबा सरळ त्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. समोर एक भिंत होती. नुकतीच चुना फासलेली, उंच, दोन मजली. शेजाऱ्यानं घर वाढवलं होतं. भिंतीच्या वरच्या कडेला थोडा उजेड दिसत होता, तेवढाच.

"सार, हे गेल्या वर्षी बांधलं," विद्यार्थी तमिळमध्ये हळूच म्हणाला. "तुम्ही गच्चीसाठी येताय हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं जेवायला येताय."

आतोबा त्या भिंतीकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता तिरुवारूर होणार. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली, मग उचलली, मग पुन्हा ठेवली. त्यांना इतकं गोंधळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आत्या खुर्चीत बसली होती. तिला भिंत नीट दिसत नव्हती. तिनं विचारलं, "लागले का दिवे?"

तेवढ्यात विद्यार्थ्याची आई जिना चढून वर आली. आमच्या चेहऱ्यांकडे बघून तिला सगळं समजलं. तिनं आत्याचा हात धरला आणि म्हणाली, "चला अम्मा. समुद्रावर जाऊ. सगळं गाव तिथंच आहे." या वाक्यात वेळ, दिशा, अंतर असं काहीच नव्हतं. आतोबांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण दोघी जिना उतरूसुद्धा लागल्या होत्या. ते पिशवी तिथंच टाकून त्यांच्या मागं धावले.

वाळूत माणसंच माणसं होती. सुंडल, म्हणजे फोडणीचे उकडलेले चणे, विकणारे, फुगेवाले, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. आतोबांना कोणीतरी ढकललं, त्यांची एक चप्पल वाळूत गेली, ती त्यांनी शोधली नाही. पाण्याच्या कडेला पोचल्यावर त्या बाईनं आत्याला खांद्याला धरून गावाकडे वळवलं. मिनार अंधारातून वर आले होते, आणि त्यांच्यावर दिव्यांच्या माळा होत्या. खरं सांगायचं तर मला ते जरा विरळच वाटले. एका मिनारावरची एक माळ विझलेली होती.

आत्या बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, प्रत्येक दिवा फुटतोय. प्रत्येकाला चारी बाजूंनी किरणं आहेत, शेवंतीच्या पाकळ्यांसारखी. एकात एक मिसळून नुसतं फूल झालंय आभाळभर. आईनं असं नव्हतं सांगितलं. तुम्हालाही असंच दिसतंय ना?"

मी आतोबांकडे पाहिलं. मोतीबिंदूनं उजेड असा फाकतो हे डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं, त्यांनाही ठाऊक होतं. ते एका पायात चप्पल घालून वाळूत उभे होते. ते म्हणाले, "हो. असंच दिसतंय."

"सगळ्यांनाच?"

"सगळ्यांनाच," आतोबा म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

महिनाभरानं शस्त्रक्रिया झाली. नशिबानं ती चांगली झाली. जाड भिंगांचा चष्मा लागला, पण आत्याला सुई ओवण्याइतकं दिसू लागलं. पुढच्या वर्षी उत्सव जवळ आला तेव्हा आतोबा आपण होऊन म्हणाले, "जायचं का? या वेळी थेट समुद्रावरच जाऊ. आता तुला स्वच्छ दिसेल."

आत्या तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "नको," म्हणाली. "आता नुसते दिवे दिसतील."

आतोबा बाहेर जाऊन खुर्चीत बसले. त्याच संध्याकाळी पलीकडच्या आळीतलं एक नवं जोडपं नागोरची चौकशी करायला आलं. आतोबांनी त्यांना गाडी सांगितली, सावलीची बाजू सांगितली, समुद्रावर कुठं उभं राहावं तेही सांगितलं. जाता जाता त्या मुलीनं विचारलं, "मामा, दिवे दिसतात कसे?"

आतोबांनी आत, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "ते मला सांगता येणार नाही," असं ते म्हणाले. इतक्या वर्षांत कोणालाही त्यांनी असं उत्तर दिल्याचं मी ऐकलं नव्हतं.