पन्नाशीची चौकडी फिरायला निघते

रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या माणसांकडं किस्से कसे साठत जातात, हे घरात बसणाऱ्याला कळायचं नाही. चालताना हाताला काम नसतं, डोळ्यांपुढं टीव्ही नसतो, मग तोंडच चालतं. काल काय झालं ते आज सांगायचं, आज जे घडेल ते उद्या. अशी काही वर्षं गेली आणि आता आमच्याकडं एवढा माल साठलाय की ठेवायला माझ्या दुकानाचा माळासुद्धा पुरणार नाही.

रामनगरच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे. आम्ही फिरायला जाणारे चौघं. मी, माझी बायको मालन, शेजारच्या सुमनअक्का, त्या शाळेत मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, आणि परशुराम, तो बेळगाव-गोवा ट्रक चालवतो. सगळे पन्नाशीच्या अलीकडं-पलीकडं. उजाडायच्या सुमाराला निघतो, घरं संपून जंगल लागतं तिथपर्यंत जातो आणि परततो. पण एवढ्यानं काय काय झालं ते ऐका.

*

सुरुवात कशी झाली ते आधी सांगतो. गुंद गावाकडची एक म्हातारी दुकानात आली. घरात लग्न होतं, तिला मोठं पातेलं पाहिजे होतं आणि ते नेमकं सगळ्यात वरच्या फळीवर. मी शिडी लावली. अर्ध्यात पोचलो आणि धाप लागली. गुडघ्यातून कळ आली म्हणून तिथंच उभा राहिलो. म्हातारी खालून बघत होती.

"उतरा मालक," ती म्हणाली. "मी काढते."

मला वाटलं, थट्टा करते. तिनं पदर खोचला, सरसर वर चढली, पातेलं डोक्यावर पालथं घातलं आणि दोन्ही हातांनी शिडी धरून खाली आली. सत्तरीची तरी असेल. श्वाससुद्धा मोठा झाला नव्हता.

जाताना तिनं दुकानावर एक नजर फिरवली. "दुकान नवंच हाय की तुमचं," ती म्हणाली. "मालकच जुना झालाय."

मालन गल्ल्यावर बसली होती. तिनं सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे माझं पांघरूण ओढलं गेलं.

*

परशुरामची कंबर गेली होती. ट्रकमधून उतरला की तो दार धरून तसाच उभा राहायचा, मग हळूहळू पाय हलायचे. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, असंच चाललं तर गाडी सोडावी लागेल. घरात मिळवणारा परशुराम एकटा, आणि ड्रायव्हिंगशिवाय दुसरं काम येत नाही.

डॉक्टरांनी काही व्यायाम शिकवले होते. अधूनमधून गाडी थांबवून करायचे. परशुरामनं गुटखा सोडला, कोल्ड्रिंकची बाटली सोडली आणि व्यायाम धरला. अनमोड घाटाच्या अलीकडं ट्रक कडेला लावायचा, सपाट जागा बघून टॉवेल अंथरायचा आणि सुरू.

एकदा पोलिसांची जीप थांबली. ट्रक उभा आणि ड्रायव्हर जमिनीवर पालथा. हवालदार धावतच आला. "काय झालं रे? गाडीला काय झालंय?"

परशुरामनं पडल्यापडल्याच मान वर उचलली. "गाडी बरी हाय सायेब. ड्रायव्हरची सर्व्हिसिंग चाललीया."

हवालदार जीपमध्ये बसून गेला. पण काही दिवसांनी तीच जीप त्याच जागी थांबली. हवालदार उतरला, टोपी काढून बॉनेटवर ठेवली आणि पोट आत ओढत म्हणाला, "कमरेचं ते कुठलं, मला पण दाखव बघू."

परशुराम अजून ट्रक चालवतो. परवा माझ्या दुकानासमोर त्यानं पंक्चर झालेलं चाक बदललं. ते चाक तो उचलत होता आणि मी चहाचा कप हातात धरून नुसता बघत राहिलो. चहा गार झाला.

*

मालनची तक्रार झोपेची होती. पाळी जायचे दिवस. अंगातून वाफा निघायच्या, घाम फुटायचा, आणि झोप म्हणून लागायची नाही. मग ती मोबाईल बघत बसायची. पुढंपुढं तर बारीकसारीक गोष्टीवरून रडायची, आणि मला काय करावं सुचायचं नाही. शेवटी बेळगावच्या लेडी डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी तपासलं, औषध दिलं आणि सांगितलं, "जेवण लवकर घ्या. आणि दिवेलागणीनंतर मोबाईल हातात नको."

हातात नको म्हणजे नजरेसमोरही नको, असं मालननं ठरवलं. संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की ती मोबाईल एका रिकाम्या डब्यात घालून वर घट्ट झाकण लावायची.

आमचा अमित पुण्यात नोकरीला. एका रात्री त्यानं आईला फोन लावला. उचलेना. परत लावला. माझा फोन दुकानात चार्जिंगला राहिलेला. पोरगं घाबरलं. त्यानं सुमनअक्कांना फोन केला, अक्का हातातलं ताट टाकून धावत आल्या. मी दार उघडलं. अक्का माझ्याकडं बघतायत, मी अक्कांकडं बघतोय, आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर डबा गुरगुरतोय. मालन आत गाढ झोपलेली.

सकाळी अमितचा फोन आला, तो चिडला होता. "आई, फोन डब्यात ठेवतात काय? माझा जीव वरखाली झाला."

मालन शांतपणे म्हणाली, "तू कॉलेजात होतास तवा तुझा फोन कुठल्या डब्यात असायचा रे?"

आता अमित दिवेलागणीच्या आधी फोन करतो. आणि मालन उठल्यावर गाणं गुणगुणते. लग्न झालं तेव्हा गुणगुणायची, तशी. मधल्या काळात ते कधी थांबलं होतं, माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

*

सुमनअक्कांच्या शाळेत मुली दोरीवरच्या उड्या मारायच्या. अक्का व्हरांड्यात खुर्चीवर बसून बघायच्या. एक दिवस त्या खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, "मला पण घ्या ग."

पहिल्या दिवशी दोरी पायात अडकली. दुसऱ्या दिवशी पण अडकली. मुली हसल्या, अक्का पण हसल्या. पण मधल्या सुट्टीत त्या रोज जायच्या. पुढं पुढं असं झालं की मुली दमून बसायच्या आणि अक्का आत उड्या मारतायत.

अशातच तपासणीला साहेब आले. ऑफिस रिकामं. साहेबांनी एका मुलीला विचारलं, "मोठ्या बाई कुठं आहेत?" तिनं मैदानाकडं बोट दाखवलं. तिथं दोन मुली दोरी फिरवतायत, बाकीच्या मोठ्यानं आकडे म्हणतायत आणि मधोमध पदर खोचलेल्या मोठ्या बाई.

साहेब जवळ गेले. "नमस्कार मॅडम."

अक्कांनी उडी मारतामारताच हात जोडले. "सर, जरा थांबा. मोडलं तर परत एकपासनं."

साहेब थांबले. आणि थोड्या वेळानं मुलींच्या बरोबरीनं तेही आकडे म्हणायला लागले.

*

एकदा धुक्यातून चाललो होतो. जंगल लागतं त्या वळणावर परशुराम एकदम थांबला आणि त्यानं हात आडवा केला. समोर रस्त्यावर गवा उभा होता.

आमच्याकडं गवे दिसतात, त्यात नवल नाही. पण ट्रकच्या काचेतून दिसणं वेगळं आणि पायी चालताना समोरासमोर येणं वेगळं. काळंभोर अंग, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे, नाकातून वाफ. त्याच्या खांद्यावरून धुकं सरकत होतं. मालननं माझा दंड धरला. कुणी हललं नाही. गव्यानं आमच्याकडं पाहिलं, सावकाश मान वळवली आणि झाडीत शिरला. एवढा मोठा प्राणी, पण पाचोळ्याचा आवाज जेमतेम झाला.

परतताना घरं दिसायला लागली तेव्हा परशुरामनं छातीवर हात ठेवला. "डॉक्टर म्हणत होते, रोज थोडा वेळ ठोके वाढायला पाहिजेत. आजचं झालं."

*

आता शेवटचा.

सुमनअक्का मूळच्या रामनगरच्या नव्हेत. त्यांचं गाव सुपा धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्या लहान असताना घरदार उचलून सगळी इकडं आली. त्यांची आई, येसूकाकी, आता ऐंशीच्या पुढं आहेत. काठीशिवाय चालता येत नाही.

एका उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं आणि जुन्या गावची जोती उघडी पडल्याची बातमी आली. येसूकाकी म्हणाल्या, "मला न्या."

मुलांनी समजावलं, तिथं चिखल आहे, ऊन आहे, तुला जमायचं नाही, आम्ही व्हिडिओ काढून आणतो. काकींनी तोंड फिरवलं. "त्यात मातीचा वास येतोय काय?" आणि जेवणावरचं मनच उडालं त्यांचं.

मग आम्ही चौघांनी जीप केली आणि काकींना घेऊन गेलो. जीप काठाला थांबली. पुढं भेगाळलेली जमीन आणि तिच्यापलीकडं ओल्या चिखलाचा पट्टा. आम्ही खुर्ची नेली होती. काकींना तिच्यात बसवून उचलायला गेलो, तर बाजूनं चालणाऱ्याचे पाय रुतायला लागले. घट्ट वाट एका माणसापुरतीच होती.

परशुराम पाठ करून बसला. "या काकी."

काकींनी मान हलवली. "परक्या बाप्याच्या पाठीवर मी न्हाई बसायची."

सुमनअक्कांनी साडी वर खोचली, चपला काढल्या आणि आईपुढं उकिडव्या बसल्या. "ये आई."

काकींनी गळ्यात हात टाकले. अक्का उठल्या. जमिनीला हात न टेकता, एका दमात उठल्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, पाठीवर आई. मी आणि मालन एकमेकांकडं बघत राहिलो.

त्या पुढं आणि आम्ही एकामागं एक. मध्येच चिखलात त्यांचा पाय पोटरीपर्यंत गेला. परशुराम पुढं झाला.

"हात लावू नका," अक्का म्हणाल्या. "तोल जाईल."

त्या तशाच थांबल्या. पाय हळूहळू बाहेर काढला, पुढं टाकला. पाठीवरून काकी बोट दाखवत होत्या. "ही देवळाची वाट. हितं चिंच होती. आता डावीकडं जा." तिथं दाखवण्यासारखं काहीच नव्हतं, सगळा नुसता गाळ. पण अक्का आई म्हणेल तशा वळत गेल्या.

जांभ्या दगडांचं एक जोतं आलं. "हेच," काकी म्हणाल्या.

अक्कांनी त्यांना पायरीवर उतरवलं. काकींनी वाकून दगडावरून हात फिरवला, तोच हात नाकाशी नेला. मग काठी टेकत, जिथं कधीकाळी दार असेल तिथून आत गेल्या. अक्का गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेल्या, धापा टाकत होत्या. आईच्या मागून त्यांनी पायरीवर पाय ठेवला.

काकी वळल्या. "थांब तिथंच," त्या म्हणाल्या. "चिखलाच्या पायांनी घरात यायचं न्हाई. पाय धुऊन ये जा."

सुमनअक्कांनी पायरीवरचा पाय मागं घेतला आणि पाण्याकडं पळत गेल्या.