वेदीपुढचे बूट

कपाट उघडलं की बाबांच्या बुटांच्या पॉलिशचा वास येतो, आणि मी पुन्हा ठाण्याच्या त्या लहानशा चर्चमध्ये उभी असते.

स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. बाबा तिथले पाळक. वहाणा दाराबाहेर काढून, सतरंजीवर बसून, टाळ वाजवत उपासना करायची पद्धत त्यांनी सुरू केली होती. कुणीतरी त्याची तक्रार केली, म्हणून मुंबईहून इंग्रज बिशपसाहेब आले. बाबांना इंग्रजी येत नसे, म्हणून दुभाषी मी.

"बाबा, ते म्हणतात, वेदीपुढं बूट घालूनच उभं राहायचं."

"त्यांना विचार, पवित्र जागेवर मोशेला देवानंच जोडे काढायला सांगितले होते ना?"

मी भीतभीत विचारलं. साहेब मायेनं हसले.

"ते म्हणतात, तुमचं खरं आहे. पण नियम सगळ्यांना एकच."

पुढच्या रविवारी बाबा नवे बूट करकरवत वेदीकडे गेले. मागे काशी कोळीण पुटपुटली, "पाद्रीबाबा आज पावण्यासारखे चालतान गो."

गेल्या महिन्यात बाबा गेले. मंडळींनी त्यांना तेच बूट चमकवून घातले होते. पेटीचं झाकण लावण्याआधी मी पुढे झाले, आणि कुणालाही न विचारता नाड्या सोडल्या.