निळा तळहात

आज वॉर्डात स्पिरिटचा वास आला आणि समोरच्या विद्यार्थिनीने शाईने निळा झालेला तळहात पटकन पाठीमागे लपवला. मला हसूच फुटलं.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी कर्जतला मीही पेशंटचं बीपी मोठ्याने पुटपुटत तळहातावरच लिहायचे. खिशातली वही काढायचा कंटाळा! एकदा सिस्टरांनी आकडे मागितले, पण तोवर मी नियमाप्रमाणे स्पिरिटने हात चोळून मोकळी झाले होते. हातावर नुसती निळाई उरली होती. रडायचीच बाकी होते.

तेवढ्यात पायाला प्लास्टर असलेली पळसदरीची मावशी उठून बसली. "माजं एकशेतीस-ऐंशी, खिडकीवालीचं एकशेदहा-सत्तर..." करत तिने चौघींचं बीपी घडाघडा सांगितलं. "भाताचं भारं मोजताना मी कुठं लिवते गं?"

सिस्टरांनी सगळं पुन्हा मोजायला लावलं. आकडे जवळपास जुळले! अख्खा वॉर्ड हसला, सिस्टरसुद्धा. मावशी मात्र हसली नाही. "मी उद्या घरी जानार हाय. मंग कुनाला इचारशील? वही काड."

आज त्या मुलीला मी हसू दाबून रागावणारच होते. तोंडातून निघालं ते एवढंच, "वही काड गं." अगदी मावशीच्या आवाजात.